न निघालेलं मलम

मी कनेरगाव नाक्याची सुभद्रा. माहेर वसमतकडलं, हळदीत कामाला जानारे लोक आमी. आईच्या हाताखाली बाळंतपनं करायला शिकले, म्हनून बायका मला पोटातलं सांगायच्या, अन म्हनूनच एड्सचं काम करनाऱ्या एका संस्थेचे लोक माझ्याकडं आले. काय सांगू तुमाला, तवा एड्सचं नाव नवं नवं ऐकू येऊन राहिलं होतं, अन माझी धाकटी बहीन कमल टरक डायवरला दिलेली. निरोधाचं नाव काढलं की नवरा मारायचा, म्हने माझ्यावर संशय घेतीस?

तर त्या संस्थेच्या मॅडम आल्या, मी घरोघर हिंडून बायका जमवल्या, अन त्यांनी विचारायला सुरू केलं, की समजा असं एक मलम असलं, बाईनं नवऱ्याजवळ जायच्या आधी आतून लावायचं, अन त्यानं एड्स होत न्हाई, तर लावाल का, पातळ पायजे का घट्ट, वास कसा पायजे, नवऱ्याला सांगाल का. बायका तोंडाला पदर लावून हासल्या. कमल चारचौघात कधी बोलनारी न्हाई, पन ती बोलली. म्हनली, वास नको, त्याला कळू नये, अन पोरगी एकच हाय, मलमानं लेकरू अडू नये, अजून एक होऊ द्या. मग म्हनली, कधी देता? मॅडम म्हनल्या, अजून निघालं न्हाई, आमी नुसतं विचारून राहिलो.

आता ह्याला काय म्हनावं! बाजारात तुरी अन भट भटनीला मारी! काहून विचारलं मग? आमच्यात कुनी इतकं खोदून विचारलं की ते द्यायलाच आलं असं धरतात. कमल वाट बघत बसली. भेटली की पयला सवाल, अक्का, आलं का मलम? मी काय सांगू, कपाळ?

काही वर्सांनी दुसऱ्या मॅडम आल्या, सवाल तेच. तवर मलम आलं न्हाई, दोघा नवरा-बायकोला आजार आला, कमलचा नवरा तर गेलाच. तरी ती येऊन बसली, म्हनली, माझं बी लिवा. मॅडम गोड आवाजात म्हनल्या, ताई, ज्यांना आजार न्हाई त्यांनाच विचारायचं हाय. कमल उठली अन गुमान त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेली. माझं डोकं असं फिरलं, म्हनलं, कमल, पानी बी देऊ नको ह्यांना!

आता ती हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यावर हाय, बरी हाय. त्या मॅडम लोकांचं बी भलं होवो, उन्हातान्हात फिरतात बिचाऱ्या. पन मी सांगून टाकलंय, पुन्हा हात हालवत यायचं न्हाई. कमलची पोरगी लग्नाला आली, तिला मागनी आली ती बी डायवरचीच. तिला हातात द्यायला मला काहीतरी पायजे.