दुखायच्या आधीची गोळी

हाडांच्या दवाखान्यात दिशाच्या मांडीवर बाळ पेंगत होतं. शेजारच्या बाकावर दिंडोरीकडच्या एका सासू-सुनेचं बोलणं चाललं होतं, ते ती ऐकत होती. सासूचा गुडघा नुकताच बदलला होता.

"आई, व्यायामाआधी गोळी घ्या."

"आत्ता कुठं दुखतंय? अफू असती त्यात, सवय लागंल."

"ह्यात अफू नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. काल गोळीविना व्यायामाला गेलात आणि गुडघा वाकवूच दिला नाहीत. असाच ताठ राहिला तर?"

"पण दुखायच्या आधीच औषध?"

"द्राक्षांवर भुरीचा रोग यायच्या आधीच औषध फवारता ना?"

"फवारतो. पण मग दुखलं नाय, तर ते गोळीनं, का दुखणारच नव्हतं? कळायचं कसं?"

"फवारल्यावर कसं कळतं?"

"तिथंबी नाय कळत." सासूनं हात पुढं केला. "पण फवारल्याबिगर झोप लागत नाय."