ओट्यावरून आप्पा पडले त्याबाबत

मी राबिया शेखलाल तांबोळी, वय ४४ वर्षे, धंदा गोदामात पार्सले निवडणे व भरणे, राहणार कारेगाव, ता. शिरूर, जि. पुणे, मूळ राहणार दौंड. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती शेखलाल यांच्यासह राहते. पूर्वी आम्ही दोघे दौंडच्या रेल्वे मालधक्क्यावर कामाला होतो. पती हमाली करत व मी फाटकी पोती शिवत असे. पुढे माल कंटेनरमधून परस्पर जाऊ लागला व आमची टोळी बसून राहू लागली. तेव्हा हमाल युनियनचे अध्यक्ष भिमाजी सोनबा गदादे, रा. मांडवगण फराटा, यांनी खटपट करून आमच्या टोळीला कारेगावच्या गोदामात कामाला लावले. त्यांना आम्ही सर्वजण आप्पा म्हणतो. नंतर माझ्या पतीची पाठ कामातून गेली. त्यांच्या जागी मला घ्यावे म्हणून आप्पा मॅनेजरच्या केबिनबाहेर दिवसभर उभे होते. पतीच्या ऑपरेशनला युनियनची माणसे पाळीपाळीने दवाखान्यात बसली. हे मी विसरलेले नाही.

यंदा गोदामात पार्सले निवडणारे पट्ट्याचे मशीन बसवायचे ठरले व निम्मी माणसे कमी करणार असे कळले. युनियनच्या सभेत आप्पा म्हणाले, "ऱ्हायलो तर सगळी ऱ्हाऊ. एकाला ठिवून दुसऱ्याला काढलं तर मी गेटात आडवा पडंन." त्यानंतर आम्ही पाळी लावून गेटवर ताडपत्री टाकून बसलो, त्यामुळे मशीनची गाडी आत जाऊ शकली नाही. दौंडला मागे राहिलेल्या हमालांकडून आम्हाला भाकरी व पिठले येत असे.

मागील मंगळवारी पुण्याला कामगार ऑफिसात सुनावणी आहे, बायामाणसांसह सगळ्यांनी चला, असे आप्पांनी सांगितले. ते स्वतः मोटरसायकलवर मागून येणार होते. आम्ही टेम्पोने पुण्याला गेलो. तिथल्या क्लार्कने आज तुमची कोणतीही सुनावणी नाही असे सांगितले. आप्पा फोन उचलत नव्हते. आमच्यातला ज्ञानेश खेडकर हा हमाल म्हणाला, "मावशी, आप्पाला वाटंत काय झालं तर नसंल?" म्हणून परत येताना कोरेगाव भीमा येथे टेम्पो थांबवून, इथे मोटरसायकलचा अपघात झाला का, असे आम्ही गॅरेजवाल्याला व चहावाल्याला विचारले. दोघेही नाही म्हणाले. तेव्हा सगळ्यांना बरे वाटले.

गोदामावर पोहोचलो तेव्हा गेट उघडे होते. आमची ताडपत्री घडी करून भिंतीला लावलेली होती. मशीन आत आलेले होते. माल चढवायच्या ओट्यावर उभे राहून आप्पा क्रेनवाल्याला हाताने दिशा दाखवत होते.

बाकीची माणसे गेटपाशीच थांबली. मी ओट्यावर गेले. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "सगळीच जाणार व्हती राबिया. निम्मी तरी वाचवली. तुजं नाव ठिवलंय मी."

मी विचारले, "आन् ज्ञानेशचं?"

"त्यो तरणा हाय. त्याला कुठंबी काम मिळंल. तुज्या घरात आजारी माणूस."

मी म्हणाले, "आप्पा, मला इचारायचं तरी."

आप्पा म्हणाले, "इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस."

मी नाही म्हणाले असते हे खरे आहे.

त्यानंतर आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांना दोन्ही हातांनी ढकलले. ते ओट्यावरून खाली सिमेंटवर पडले. क्रेनवाला मशीनकडे पाहत होता व गेटवरच्या माणसांना क्रेनच्या आड मी ढकललेले दिसले नाही. त्यावेळी ज्ञानेश गेटजवळ होता, ओट्यावर नव्हता. आप्पा पडलेले पाहून तोच पहिला धावला व त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला. त्याच्या शर्टवरचे रक्त त्यामुळे लागलेले आहे.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी ज्ञानेशला नेले. त्याची पत्नी सारिका माझ्या घरी आली व म्हणाली, "मावशी, तुम्ही तिथंच व्हता ना? ह्यांनी हात लावला का आप्पाला?" मी तिला घडले ते सांगितले. ती उंबऱ्यावर बसली, नंतर उठून घरी गेली.

मी शिरूरला दवाखान्यात जाऊन आप्पांना भेटले. त्यांच्या हाताला प्लास्टर व डोक्याला टाके होते. पोलिसांना ज्ञानेशचे नाव का दिले असे मी विचारले. ते म्हणाले, "तुजं दिलं असतं तर तुजं काम गेलं असतं. त्याचं तसंबी गेलंच हाय. वकील मी बघतो, सुटंल त्यो. तू गप ऱ्हा." त्यांच्या पत्नीने चहा आणला होता. तो मी घेतला नाही. यापूर्वी त्यांच्या घरचा चहा मी कधी नाकारलेला नाही.

कामावर या असा गोदामातून मला निरोप आला आहे. मी गेलेले नाही. आज येथे येत आहे हे पतीला सांगून निघाले. त्यांनी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली व एक चादर घातली.

भिमाजी गदादे यांना मी ढकलले. ज्ञानेश खेडकर याने त्यांना हात लावला तो उचलण्यासाठी. माझ्या बदली दुसऱ्याचे नाव द्या असे मी आप्पांना सांगितले नव्हते, कामावरून काढण्यासाठीही नाही व पोलिसांना देण्यासाठीही नाही.

वरील मजकूर हवालदार मॅडमनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "रागाच्या भरात" असे शब्द होते. ते मी सांगितलेले नाहीत, म्हणून खोडायला लावले व तिथे सही केली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

राबिया शेखलाल तांबोळी