काठावरचं नाव

दिराच्या लग्नात भांडी गोळा केली, तेव्हा नणंदेनं, म्हणजे देवकानं, माझा तांब्याचा हंडा बदलून नेला, हा माझा जुना संशय. तीस वर्षं मी तो मनात जपला.

परवा संध्याकाळी सुनेबरोबर सोनगीरच्या किल्ल्याखालची तांबट आळी चढत होते. ती नक्षीच्या घागरींचे फोटो काढी, मी हंडे न्याहाळी. नाना तांबटाच्या दुकानात थबकले. एका हंड्याला गळ्याजवळ पोचा, माझ्या हंड्याला होता तोच.

"नाना, हाऊ हंडा मना शे."

"देवकाबाईंचा आहे, अक्का. बूड गळतं म्हणून दुरुस्तीला टाकलाय."

मला कुठं अक्षर येतं? सुनेला म्हटलं, "काठावर ठोकलेलं नाव वाच."

"आई, तुमचंच आहे."

मी पदर खोचला. "पाहिलं? चोरटी."

नाना हातोडी खाली ठेवून म्हणाला, "मंग तुमना घरना हंडावर कोनं नाव शे?"

घरचा हंडा रोज चुलीवर, काजळीनं काळाठिक्कर. घरी आल्यावर सुनेनं चिंचेनं घासला, तर देवकाचं नाव निघालं. लग्नघरातून तो घाईघाईत उचलून आणणारी मीच.

देवका दिवाळीला येणार आहे. तिलाही वाचता येत नाही, पण तिची नात शिकलेली आहे. सुनेला सांगून ठेवलंय, तोवर हंडा पुन्हा काळा कर.