जखमांच्या खोलीची कडी

नाव: कार्डावर आहे ते उतरून घ्यावे, हाक मारतात ती मोठीआई. वय: अंदाजे एकाहत्तर. धंदा: पूर्वी शिंप्याकडे काजं करणे, आता काही नाही. शिक्षण: दुसरी, तीही अर्धी. राहणार: मुलाच्या घरी, मागची खोली.

पोलीस ठाण्यात माझ्या पायाने येऊन, कोणी शिकवल्याशिवाय सांगते की:

दोन वर्षांपूर्वी माझं आतड्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून शौचाची वाट पोटावरून आहे आणि तिथे पिशवी चिकटवलेली असते. वॉर्डात पिशवी कातडीला चिकटवायच्या चकतीला सगळ्यांसाठी एकाच मापाचं भोक कापून ठेवायचे. माझी चकती गळायची, कातडी सोलून निघाली. सून म्हणाली, "आई, तुम्ही मागच्या खोलीतच बऱ्या." ती वाईट नाही, तिला नाक आहे. सात महिने मी त्या खोलीबाहेर पडले नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

पुढे कळलं की दवाखान्याच्या तळमजल्यावर जखमांची आणि पिशव्यांची खोली आहे. तिथे डॉक्टर बसत नाही, एकच सिस्टर सगळं बघते. ती दर वेळी नव्याने माप घेते आणि तेवढंच भोक कापते. मी जन्मभर काजं केली, कात्री कोणाच्या हातात शोभते ते मला कळतं. तिच्या हातची चकती लागल्यापासून मी बाजारात जाते.

ही खोली फक्त मंगळवारी उघडते. गेल्या मंगळवारी आम्ही अकरा जण होतो. साडेदहाला मेट्रन आल्या आणि म्हणाल्या, "वर वॉर्डात माणूस नाही. ही खोली आत्ता बंद कर नि चल. पुढचं पुढे बघू."

सिस्टर म्हणाली, "मॅडम, दोघांच्या जखमा उघड्या आहेत."

"झाकून पाठव घरी."

एवढं बोलून मेट्रन फोन घ्यायला दाराबाहेर गेल्या. तेवढ्यात आतून कडी लागली. बाहेरून दार ठोकत होते. पायाला जखम असलेला रिक्षावाला म्हणाला, "मोठीआई, आता आपली वरात जेलात." मी म्हटलं, "जाऊ दे, तिथे रोज ड्रेसिंग तरी होईल." दार दीड वाजता उघडलं. तोवर अकराही जणांचं काम झालं होतं.

सिस्टरने कडी लावून घेतली आणि हुकूम मोडला, ही मेट्रनची तक्रार मला वाचून दाखवली. ती खोटी आहे. कडी मी लावली. सिस्टरने दार उघडायला चारदा सांगितलं. चारदाच का, असं विचारल्यावर सांगते की पाचव्यांदा तिचे हात कामात होते.

कडी दाराच्या अगदी वर आहे, तुमचा हात कसा पोचला, असं विचारल्यावर सांगते की स्टुलावर चढले. पोटाला पिशवी असताना? असं विचारल्यावर सांगते की मला जड उचलायची बंदी आहे, चढायची नाही.

साहेब म्हणाले, "आजी, नीट विचार करा. हे तुमच्या अंगावर येईल. कोठडी बघितलीय का कधी?" मी विचारलं, तिला खिडकी आहे का. साहेब म्हणाले, आहे. मी म्हटलं, मग आमच्या मागच्या खोलीपेक्षा बरी.

सध्या तळमजल्यावरच्या खोलीला कुलूप आहे. सिस्टरला घरी बसवलं आहे. तिने कापून दिलेल्या दोन चकत्या माझ्याकडे उरल्या आहेत. एक चार दिवस टिकते.

शेवटी साहेबांनी हवालदाराकडून स्टूल मागवलं आणि या ठाण्याच्या दाराची कडी लावून दाखवा म्हणाले. तीही तेवढ्याच उंचीवर आहे. मी चढले. हात पोचला नाही.

त्या दिवशी पोचला होता.

हवालदारांनी हे सगळं मोठ्याने वाचलं, मी बोलले तसंच उतरलं आहे. शेवटचं वाक्य गाळू का, असं त्यांनी विचारलं. गाळू नये. अंगठा नको, मला सही येते.