मंगळवारचं जावळ

इथं जमलेल्या सगळ्या मावश्यांनो, भावांनो, आणि पुढं बसलेल्या, आमच्या दत्ताभाऊंच्या लता वहिनी,

मी मंदा. बेडसे आणि वरच्या वाडीची आशाताई. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या लेकरांना डोस पाजायला मी दारात उभी राहिलेली आहे, आणि बऱ्याच जणांनी मला बघून दार लोटून घेतलेलं आहे. त्यामुळं माझी ओळख नको. बोलणं मात्र जड जातंय. माझ्या आधी चारजण बोलले. दत्ताभाऊ देवमाणूस होते, असं सगळेच म्हणाले. मला तसं म्हणवत नाही. देवाशी भांडता येत नाही, आणि मी दत्ताभाऊंशी रोज भांडत होते.

कुसगावच्या नाक्यावर त्यांचं सलून. गेल्या आठवड्यात सकाळी दुकान उघडलं, चहा सांगितला, गिऱ्हाईकाच्या खुर्चीत टेकले आणि गेले. चहा घेऊन आलेल्या माणसाला वाटलं, डोळा लागलाय.

आता, एक न्हावी गेला तर दवाखान्याच्या कामातली बाई इथं कशाला बोलतेय, असं काहींना वाटत असेल. सांगते.

आपल्याकडं रीत आहे. जावळ झाल्याशिवाय लेकराचं नाव बाहेर काढायचं नाही. तोवर चिमी, बाळ्या, ठकी, काहीही म्हणायचं. मामाच्या मांडीवर लेकरू बसणार, आत्या पदरात केस झेलणार, मग देवीपुढं खरं नाव घ्यायचं. रीत चांगली आहे. माझ्याही लेकरांचं तसंच केलं. पण मामा हॉटेलात कामाला. लोणावळ्यात शनिवार-रविवारची सुट्टी मागायची म्हणजे नोकरीच सोडायची. देवीच्या बोकडाला पैसे नाहीत. मग जावळ पुढच्या साली. मग त्याच्या पुढच्या साली. पोरगं पाच वर्षांचं होतं, झिपऱ्या गळ्यापर्यंत येतात, आणि जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा मोकळीच.

आणि ते पोरगं आजारी पडलं की? आईबाप चादरी धुतात, सामान उचलतात, त्यांच्याकडं आजारपणाचे पैसे कुठले? सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होतं. कामावरच्या विम्यातही लेकरं बसतात. पण कार्डावर लेकराचं नाव पाहिजे. दवाखान्याच्या खिडकीतला माणूस विचारतो, नाव काय? आई म्हणते, बाळ्या. तो म्हणतो, कागदावरचं सांगा. कागदावर काही नाही. काही वर्षांमागं वाडीतला एक मुलगा असाच गेला. खिडकी ते वडगावची कचेरी, कचेरी ते खिडकी, एवढ्यातच गेला. घर कुणाचं ते मी सांगणार नाही. ती माणसं आज इथं आहेत.

त्या मुलाच्या जावळाची सुपारी दत्ताभाऊंच्या हातात देऊन ठेवलेली होती, दिवस तेवढा ठरायचा होता. ते मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "मंदाताई, मी कातर घिऊन तयार हुतो. मला कुनी बोलावलंच न्हाई."

मी रागात होते. मी म्हणाले, ही रीतच बंद करायला पाहिजे.

तर माझ्यावरच चिडले. "रीत कशाला बंद करती? लोक तुला वाडीत पाय ठेवू देनार न्हाईत. रीत लवकर कर की. कातर माझी, देवी त्यांची, कागद तुझा."

तिथून सुरू झालं. सलूनात आलेल्या प्रत्येकाला विचारायचे, पोराचं जावळ झालं का? आणि विचारायचे कधी? अर्धी दाढी झाल्यावर. एका गालाला फेस, मानेवर वस्तरा. माणूस पळणार कुठं? हसताय ना? तुमच्यातले निम्मे त्या खुर्चीत अडकलेले आहेत. मग त्यांनी मंगळवार काढला. मंगळवारी हॉटेलं रिकामी असतात. स्वतः मॅनेजरकडं जाऊन मामासाठी सुट्टी मागायचे. सगळ्यांचं जावळ एकत्र, बोकडाऐवजी एकच मोठं पातेलं लापशीचं. इकडं आत्याच्या पदरात केस पडले, देवीपुढं नाव घेतलं, की तिकडं मी लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाच्या दारात. कितीतरी लेकरांची कार्डं अशी झाली. भांडण एवढंच, की मी म्हणायची दर महिन्याला करा, आणि ते म्हणायचे, "मला दुकान हाय का न्हाई?"

आता जे बोलायला मी उठले, ते बोलते. वहिनी, मला माफ करा. शोकसभेत हे बोलू नये म्हणतात. पण परवा मंगळवार आहे.

ती मागं खांबाला टेकून सुमन बसलीय. हॉटेलात चादरी धुते. मांडीवर पोरगी आहे, चिमी. सुमन मघापासून तिला थोपटतेय, बघितलं का तुम्ही? ती तिला रडू देत नाही. चिमी रडली की ओठ निळे पडतात. तिच्या काळजाला भोक आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशन करा, पोरगी बरी होईल, पण उशीर करू नका. योजनेत बसतंय. डॉक्टर तयार आहेत. नाव तेवढं नाही.

चिमीचे आजोबा कोंडिबा आबा. आबा, तुम्ही उजवीकडं, दुसऱ्या रांगेत. मी तुमच्याकडंच बघून बोलणार आहे. तुम्हाला राग येईल. येऊ द्या.

मागच्या पंधरवड्यात दत्ताभाऊ आणि मी वाडीत आलो होतो. तुम्ही आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "घरातली पैली नात हाय. बोकड पडल्याबिगर जावळ न्हाई. तू न्हावी हाईस, न्हाव्यावानी ऱ्हा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठलेच होते. दत्ताभाऊंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. तुम्हाला म्हणाले, "व्हय आबा. न्हावीच हाय, म्हनूनच आलोय. जावळाचा मान माझा हाय. बोकड पोरगी बरी झाल्यावर कापू, मी सोता येतो जेवायला. तुमी फकस्त दिस सांगा."

आत पोरगी रडायला लागली, सुमन धावत गेली, आणि तुमचं सगळं लक्ष आतल्या आवाजाकडं होतं, मी बघितलं. मग तुम्ही म्हणालात, "मंगळवारी आनतो." सुपारी दिलीत. त्यांच्या हातात दिलीत.

आणि ते गेले. आता तुम्ही म्हणताय, "ज्यानं सुपारी घ्येतली त्योच गेला. देवीची मर्जी न्हाई. यंदा ऱ्हाऊ द्या."

आबा, मी तुम्हाला अडाणी म्हणणार नाही. तुम्हाला भीती वाटते. मलाही वाटते. ते गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की आता चिमीचं काय? आपला माणूस गेला हे नंतर आलं. पण दत्ताभाऊंना रक्तदाबाची गोळी होती, ते ती घ्यायचे नाहीत, हे वहिनींना विचारा. त्यात चिमीचा काय दोष? आणि पुढच्या साली म्हणताय, तर पुढच्या सालापर्यंत ती थांबेल असं तुम्हाला कुणी सांगितलं? डॉक्टरांनी नाही सांगितलं. देवीनं सांगितलं का?

दत्ताभाऊंच्या घरच्यांना सुतक आहे, हे मला माहीत आहे. इंदुरीचे त्यांचे मित्र, त्यांचंही सलूनच आहे, ते परवा कातर घेऊन येतायत. त्यांना सुतक नाही. काल वहिनी मला म्हणाल्या, "जावळ थांबवू नका. ते वर नीट बसायचे न्हाईत." चिमीच्या मामाची सुट्टी दत्ताभाऊ जायच्या आधीच मागून आले होते. आत्या आलीय. लापशीचा गहू भरडून आणलाय. आबा, सगळी तयारी झालीय, आणि सगळे तुमच्या तोंडाकडं बघतायत.

मी तुमची रीत मोडायला सांगत नाही. आता इथं पोरीचं नाव सांगा, असंही म्हणत नाही. ते देवीपुढंच घ्या. दत्ताभाऊंनी कधी कुणाची रीत मोडली नाही. ते फक्त घाई करायचे. मला त्यांची ती घाई फार आठवतेय. दुपारी सलूनावरून येताना अजून वाटतं, आतून हाक येईल, "मंदाताई, किती ऱ्हायली गं अजून?" आज मी त्यांना काय सांगू? एक राहिली, भाऊ.

आता आपण उभे राहू. दत्ताभाऊंसाठी शांत राहू. नेहमी दोन मिनिटांनी कुणीतरी 'बसा' म्हणतं. आज मी म्हणणार नाही, आणि वहिनींनीही म्हणायचं नाही असं आमचं ठरलंय. ही शांतता आबांनी संपवायची. "मंगळवारी आनतो," एवढंच म्हणायचं, त्या दिवशी म्हणालात तसं. तोवर कुणी खाली बसायचं नाही.

सुमन, तूपण ऊठ. पोरीला घेऊन पुढं ये, आबांच्या शेजारी उभी राहा.

उठा सगळे.