शाफ्टावरच्या तीन रेघा

—तर चालवून दाखवू कशी, पाव्हणं? शाफ्ट हितं गोनपाटावर पडलाय, दिसत न्हाई? क्रॉस गेलेत. क्रॉस म्हंजे ठावं हाय ना—का नुसता हॉर्न वाजवून जीप इकत घेता तुमी? इंजनाचा जोर चाकाला न्हेतो त्यो शाफ्ट, त्याच्या दोनी टोकाला सांधा आसतो, त्यातलं ह्ये अधिकाच्या खुणेवानी लोखंड, त्यो क्रॉस. झिजला की गाडी हलताना खटकन् वाजती. आमी घरीच बदलतो. ग्यारेजची पोरं काय—हातोडा घालत्यात, क्रॉसवरच्या वाटीतल्या बारीक सुया सांडत्यात, वर म्हनत्यात, काका, मालच खराब हुता! अरे, सुया ग्रीसमदी चिकटवून बशवायच्या—पन सांगावं कुनाला?

रविराजला? आमचे चिरंजीव, ज्यानं तुमाला धाडलं त्ये! सुप्याला कंपनीत हायेत. स्टेपनी बदलता येत न्हाई आन् बापाची जीप इकायला निघालेत. म्हनतो, दादा, गाडी गेली की तुमी मोकळे, या माज्याकडं ऱ्हायला. तिसऱ्या मजल्यावर! गेल्तो की दिवाळीला. दिवसभर ग्यालरीत बसायचं आन् खाली लोकांनी गाड्या कशा वाकड्या लावल्यात त्ये बघायचं. हितं राजूरच्या बाजाराला निघालो की वरच्या वाडीच्या बाया रस्त्यात हात करत्यात—गोरक्षदादा, थांबा! तिथं मला कोन हात करनार, लिफ्ट?

आता त्यो क्रॉस हलवून काय बघताय? ढिला न्हाई? तुमाला काय कळतंय ढिला आन् घट्ट! त्यापरीस ही चकतीवरची रेघ बघा, शिका कायतरी. शाफ्ट सोडायच्या आदी शाफ्टाची आन् गाडीची, दोनी चकत्यांवर मिळून रंगाची रेघ मारायची, बशवताना रेघेला रेघ लावायची. चुकली की समदी गाडी थरथरती. मी दर खेपेला नवी मारतो, जुनीवर भरवसा ठिवत न्हाई. काय? तीन हायेत? असू द्या की. तांबडी ही कोतूळवाल्याच्या खेपंची, हिरवी त्यो संगमनेरचा मास्तर गाडी बघाया आल्ता तवाची—

न्हाई, म्हंजे—क्रॉस लवकर जात्यात हिकडं. घाटाचा रस्ता हाय.

हसताय काय? जावा, सांगा रविराजला. रविवारी मिस्त्री घिऊन येनारच हाय, काढू द्या बापाची अब्रू चारचौघांत. मला भ्या न्हाई कुनाचं—भ्या वाटतं त्ये त्या ग्यालरीचं. आन् पॉलिश पेपर कशाला उचलला? ठिवा खाली. अहो—रेघा घासताय?

...घासा.

अहो, पांढरी न्हाई! पांढरी आजची हाय, ती गेली तर बशवू कसा? तेवढी बी अक्कल न्हाई आन् निघाले गाडी घ्यायला! तांबडी घासा. हिरवी बी. आन् तिकडल्या चकतीवर बी हायेत, गाडीखाली शिरा—पँटीकडं काय बघताय, धुतली की निघंल.

झालं? हात पुसा त्या फडक्याला. रविराजनं इचारलं तर सांगा, जीपमदी काय राम न्हाई ऱ्हायला. एवढंच सांगा, जादा बोलू नका.

निघा आता. मला शाफ्ट बशवायचाय, उद्या बाजार हाय.