टँकरच्या वेळची पट्टी

म्हाळूचा हात माझ्यामुळं गेला. हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही लिहून घेताय तर आधी हे लिहा, बाकीचं मग.

आम्ही वैजापूरकडचे. आजोबा गावचं दप्तर सांभाळायचे, वडील तहसिलीत कारकून, घरात सगळ्यांचं अक्षर वळणदार. मी नर्सिंगला गेलो तर वडील म्हणाले, काय करायचं ते कर, पण रजिस्टर स्वच्छ ठेव. काय सांगू तुम्हाला, तेवढं एक मी लई मनावर घेतलं.

तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. शहराबाहेर मनोरुग्णांचा एक दवाखाना होता, तिथं लागलो आणि पुढं पुरुष वॉर्डाचा इन्चार्ज झालो. चहूकडं रानं होती, मग प्लॉट पडले, मग इमारती आमच्या भिंतीला येऊन टेकल्या, त्यांच्या बोअर आमच्याहून खोल, आणि एका दुष्काळात आमची बोअर आटली. मग टँकर. तो दिवसा कधीही यायचा, अकरा म्हणा की चार, आणि आला की वॉर्डात एक माणूस थांबायचा नाही, सगळे पाईप धरायला. एकदा एक पेशंट पाण्यासाठी धावला तो चाकाखाली जाता जाता वाचला. तेव्हापासून मी ठरवलं, जे पळतात त्यांना टँकर येऊन जाईपर्यंत खाटेला पट्टी. सुती पट्टी असते, रुंद. बांधलेल्याला दर दोन तासांनी सोडायचं, हात चोळायचा, पाणी पाजायचं, वेळ लिहायची, असा नियम. पण धांदलीत लिहायला कोण बसणार, म्हणून मी सकाळी चहा पिता पिताच संध्याकाळपर्यंतचे रकाने भरून टाकायचो. पट्टी सैल केली, पाणी दिलं, हात ठीक. डॉक्टर नंतर सही करायचे.

म्हाळू धनगर, पन्नाशीचा. निम्मा कळप चाऱ्यावाचून मेला, तेव्हापासून उरलेल्या मेंढ्यांना कुणीतरी विष घालतंय म्हणत रात्रंदिवस जागा राहायचा. त्याची बायको सोनाबाई घेऊन आली. औषधानं सुधारत होता. पेशंट मोजायचा, अगदी कळप मोजावा तसा, आणि मला म्हणायचा, ब्रदर, बावीस येडे अन् तेविसावे तुमी, शहाणा एक बी नाय.

त्या औषधानं तोंड कोरडं पडतं. हे मला ठाऊक होतं, शिकलोय मी ते. पाणी दिवसाला माणशी दोन तांबे. तो टँकरकडं धावायचा तो तहानेनं, आणि मी लिहायचो, पेशंट उत्तेजित.

मनगटाला बांधली की म्हाळू हात सोडवून घ्यायचा, म्हणून त्या दिवशी मी पट्टी दंडाला बांधायला लावली. अकरा वाजता. टँकर दोनला आला तर इमारतीवाल्यांनी फाटकात अडवला, निम्मा आमचा म्हणाले, आमची सगळ्यांची तिथं हुज्जत. आमचा वॉर्डबॉय शफीक पळत आला, म्हणाला, ब्रदर, वो म्हाळू पानी मांगरा, हात सुन्न होगया बोलरा. मी म्हटलं, नाटक है उसका, और कस के बांध. शफीक परत आत गेला.

पाच वाजता मी तांब्या घेऊन गेलो. म्हाळू कुशीवर पडला होता, पट्टीला पीळ बसून ती दंडात रुतलेली, हात काळानिळा. सोडली तर पंजा मनगटातून खाली लोंबला. तो ओरडला नाही. म्हणाला, ब्रदर, पाणी ऱ्हाऊ द्या आता.

रजिस्टरात एक वाजता हात ठीक, तीन वाजता हात ठीक. माझंच अक्षर. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, तुमची नोंद आहे म्हणजे पट्टीचा प्रश्न नाही, नसेचा काही आजार असेल. शफीक माझ्याकडं बघत राहिला. मी डॉक्टरांना होय म्हणून मान हलवली.

सोनाबाईला मीच सांगितलं, आजारानं हात गेला. ती म्हणाली, तुमी तरी काय करणार दादा, तुमी लई केलं. जाताना घोंगडी देऊन गेली, त्यानंच कातरलेल्या लोकरीची. त्या हातानं पुन्हा कातर धरता आली नाही. पंजा तसाच राहिला, कळप मोडला. दोन वर्षांनी म्हाळू गेला.

मध्यंतरी कॉलेजातली एक मुलगी इन्चार्ज लोकांची मतं विचारायला आली, बांधण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं म्हणून. सगळे म्हणाले, नाइलाज असतो, त्यांच्याच सुरक्षेसाठी असतं. मी म्हटलं, नियमानं केलं तर अपाय नाही, आणि तेच जुनं रजिस्टर तिच्यापुढं ठेवलं. सर, अक्षर छान आहे, म्हणाली.

यंदा पुन्हा टँकर चालू झालाय. परवा सकाळी नऊला राउंडला गेलो, रजिस्टर उघडलं तर पाचपर्यंतचे रकाने भरलेले. नव्या सिस्टरला विचारलं, हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, सर, इथं असंच भरतात ना, तुमची जुनी रजिस्टरं बघूनच शिकले मी. दोघं बांधलेले होते. मी माझ्या हातानं सोडले, पाणी पाजलं, पान रद्द केलं. पण माझी रजा असेल त्या दिवशी काय होतं, मला माहीत नाही.

सोनाबाई अजून आहे. माझ्या गावाच्या वाटेवरच तिची वस्ती लागते, दर वेळी बस तिथं थांबते, मी उतरत नाही. घोंगडी कपाटात आहे, कधी अंगावर घेतली नाही. देव त्या बाईला सांभाळो. तिच्या नवऱ्याचा हात आजारानं नाही, माझ्या पट्टीनं गेला, हे तिच्या दारात जाऊन सांगायचं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.